प्रत्यक्ष आकारात

"हे टोपडं आहे की उशीचा अभ्रा?" संपादकबाईंनी विचारलं. त्यांचा तीन आठवड्यांचा नातू त्या टोपड्याच्या आत कुठेतरी होता. बाहेरून फक्त हनुवटी दिसत होती.

मासिकाची पानं रचणाऱ्या मांडणीवाल्याचे कान तापले. शिवणकामाच्या या मासिकाचा कागद बंद करून ते टॅबलेटवर आणायचं खूळ त्याचंच. "वाचक खूश होतील, लिहून देतो!" मीटिंगमध्ये छाती ठोकून म्हणाला होता. पहिल्याच अंकातलं टोपडं त्यानं हौसेनं आपल्या आईकडून शिवून घेतलं आणि आज मिरवायला तिलाही ऑफिसात आणलं.

आईला शंका आली होती. काचेवर पातळ कागद धरून नमुना तुकड्यातुकड्यानं गिरवताना ती म्हणालीही, "अरे, तान्ह्या बाळाला हे मोठं नाही का होणार?"

"आई, खाली काय लिहिलंय? 'नमुना प्रत्यक्ष आकारात.' छापील अंकात असायचं तेच. गिरव गुपचूप."

ती ओळ त्यानंच जुन्या अंकातून जशीच्या तशी उचललेली. आणि बारीक दिसतं म्हणून दोन बोटांनी पान ताणायला आईला शिकवलेलंही त्यानंच.

फोन वाजला. "अहो, तुमच्या टोपड्यात लिंबू बसतंय फक्त!" एक वाचक बाई इतक्या ओरडल्या की सगळ्या ऑफिसनं ऐकलं. यांनी पान ताणलंच नव्हतं. लगेच दुसरा फोन. "मी चारदा शिवलं, चारही वेळा माप वेगळं. मला काय वेड लागलंय?"

संपादकबाई आईकडे वळल्या. "याचं जाऊ दे. पण तुम्ही तरी? एवढी वर्षं शिवताय!"

"कापताना हात वाहवला माझा," आई पटकन म्हणाली.

तीस वर्षांत तो हात सुताइतकासुद्धा सरकला नव्हता. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तरी त्यानं तोंडात गुळणी धरली आणि टेबलावरचा शाईचा डाग बघत बसला.

तिसरा फोन वाजला. या वेळी त्यानं उचलला.

"ताई, तुमचं नाही चुकलं. माझ्या आईचंही नाही. पान ताणलं की माप बदलतं, हे मला गाढवाला सुचलंच नाही."

त्यानं फोन ठेवला.

"पुढचा नमुना कागदावर, पोस्टानं," संपादकबाई म्हणाल्या. "आणि पाकिटं तू चिकटवायची. सगळी."

"हो."

आईनं बाळाला अलगद मोकळं केलं. मग ते टोपडं मुलाच्या डोक्यात चढवलं आणि हनुवटीखाली बंद बांधले. अगदी चपखल बसलं.

"हं," ती म्हणाली. "आत्ता कुठे मापात आलास."