वाऱ्याकडे पाठ करून

सिंगापुरात, वुडलँड्सच्या भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना, सावंतकाका गळ्यात दोन स्क्रूड्रायव्हर लटकवून हॉलच्या फरशीवर पालथे पडतात. मग ते स्क्रूड्रायव्हर फरशीत रोवल्यासारखं करत, पाय झाडत सोफ्यापर्यंत सरपटतात आणि तिथून लोळत लोळत दारापर्यंत जातात.

"लगेच उभं राहायचं नाही गो," ते धापा टाकत मला बजावतात. "बर्फ परत फुटतो."

मी इथे कॉलेजात शिकते आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून काकूंना हाक मारली. त्या शांतपणे मेथी निवडत होत्या.

"तलावात पडलेत," त्या म्हणाल्या. "येतील बाहेर."

काका मूळचे मालवणचे. सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, आता निवृत्त. मुलगा निखिल कॅनडात असतो. गोठलेल्या तलावाला भोक पाडून मासे कसे धरायचे आणि बर्फ फुटून पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, याचे मोफत वर्ग त्याच्या गावातली हौशी मंडळी हिवाळ्याआधी घेतात. ते इंटरनेटवरही दिसतात. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतात.

डिसेंबरात दोघं निखिलकडे जाणार आहेत. त्याचा सुट्टीचा दिवस तलावावरच जातो. मलाही ने, असं काकांनी फोनवर म्हटलं, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही झेपणार. घरात आराम करा." काकांनी त्याच दिवशी वर्गात नाव घातलं. निखिलला अजून पत्ता नाही.

"ट्रायल घेतल्याशिवाय बंदर सोडायचं नाही," हे त्यांचं पालुपद. म्हणून मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आली, स्वयंपाकघरात टब आला. भोकातला बर्फाचा चुरा काढायला काकूंचा झारा गेला, तो गेलाच; भजी आता चमच्याने तळली जातात. एकदा बर्फ वितळून टब वाहिला आणि काकांनी उपसून टाकलेलं पाणी खिडकीवाटे खालच्या मजल्यावर, खिडकीबाहेर काठीला वाळत घातलेल्या कपड्यांवर गळलं.

"अंकल! युवर आइस अगेन आह? माय लाँड्री ऑल वेट लाह!" खालच्या आंटी ओरडल्या.

"सॉरी, आंटी! फर्स्ट फिश इज युवर्स!"

मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात काही कळलं नाही तर मी नुसती मान डोलावते. काका मात्र दर रविवारी हात वर करतात. "सर, इन सिंगापूर वी हॅव आइस ओन्ली इन ज्यूस," अशी सुरुवात करून बर्फाची जाडी, गळाची दोरी, काय वाटेल ते विचारतात. कोणी हसलं तर तेही हसतात, आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेत नाहीत.

गेल्या रविवारी शेवटचा वर्ग होता. टबाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं समोरासमोर मांडलेली, एक त्यांचं, एक सरावापुरतं माझं. शेवटी काकांनी हात वर केला.

"सर, दोन माणसं असली तर बसतात कशी? समोरासमोर?"

"नाही," लॅपटॉपमधले गृहस्थ म्हणाले. "शेजारी शेजारी. वाऱ्याकडे पाठ करून."

"आणि बोलावं लागतं?"

"बोललंच पाहिजे असं काही नाही. कितीतरी लोक तासन् तास गप्प बसतात."

"व्हेरी गुड," काका म्हणाले. "थँक यू, सर."

त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"निखिल लहान असताना मी सदा बोटीवर," ते म्हणाले. "सुट्टीवर आलो की त्याला समोर बसवून अभ्यास विचारायचो. दुसरं काय बोलायचं ते मला ठाऊकच नव्हतं. अजून समोरासमोर आलो की दोघंही परीक्षेला बसल्यासारखे."

मग त्यांनी माझं स्टूल उचललं आणि स्वतःच्या स्टुलाला लागून ठेवलं.

"बस गो. ट्रायल घेऊ."

मी बसले. आम्ही दोघं टबातल्या भोकाकडे बघत राहिलो. काका एक शब्दही बोलले नाहीत.