ओटिसचा गुडघा

टोलेडोच्या संघाच्या कचेरीत भिंतभर एक लोखंडी फळा होता आणि त्यावर कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या साडेतीनशे पोरांच्या नावांच्या चुंबकपट्ट्या चिकटवल्या होत्या. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. तीन दिवस, फेरीमागून फेरी, देशभरातल्या संघांनी आळीपाळीनं एकेक पोरगा उचलायचा. एकानं उचलला की बाकीच्यांनी हळहळत बसायचं. ड्राफ्टच्या आठवड्यात सोमवारी सकाळी लेन वोयचिक त्या फळ्यासमोर येऊन उभा राहिला. ओटिस ग्रॅनबेरीची पट्टी जागेवर नव्हती.

तिसऱ्या फेरीच्या रकान्यात वरून दुसरी, अशी ती त्यानं स्वतःच्या हातानं लावली होती. त्यानं वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. शेवटी ती सापडली दाराजवळच्या छोट्या फळ्यावर. त्या फळ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'दुखापत. घेऊ नये.'

"हा चावटपणा कोणी केला?" लेन ओरडला.

"मी केला," संघाचे डॉक्टर फेल्डकँप म्हणाले. ते कोपऱ्यात सफरचंद खात बसले होते. "त्या पोराचा गुडघा गेलाय."

"कोण म्हणतं?"

"तिघंजण म्हणतात. तीन वेगळ्या संघांची माणसं. एकमेकांचं तोंड बघत नाहीत अशी."

ओटिसच्या गुडघ्याची बातमी या जगात ज्यानं पहिल्यांदा सोडली, तो माणूस तो स्वतःच होता.

लेन सव्वीस वर्षं टोलेडोसाठी पोरं हेरत होता. वर्षाचे दोनशे दिवस गाडीत, रस्त्यावरच्या खानावळीत नाहीतर कुठल्या तरी कॉलेजच्या मैदानाच्या कठड्याला टेकून. पोराचे हात केवढे, पळतो किती, पडल्यावर उठतो कसा, हरल्यावर कोणाला शिव्या घालतो, सगळं वहीत. यंदा संघाला काय हवंय हे सांगायला मात्र वही नको होती, गावातला न्हावीसुद्धा सांगत होता. संघाचा क्वार्टरबॅक कोल, म्हणजे मागं उभं राहून चेंडू फेकणारा गडी, गेल्या हंगामात एकसष्ट वेळा आडवा झाला होता. हल्ला नेमका डावीकडून, त्याच्या पाठीमागून यायचा. आणि डावी बाजू राखायला ठेवलेला माणूस राखायचा कमी, वळून "फार लागलं का रे?" असं विचारायचाच जास्त.

ओटिस हा त्यावरचा उपाय होता. कॅन्ससमध्ये, गव्हाच्या शेतांत हरवलेल्या एका चिमुकल्या कॉलेजात लेनला तो सापडला. साडेसहा फूट उंच, एकशेचाळीस किलो, आणि पावलं इतकी हलकी की लेननं पहिल्या दिवशी वहीत काही लिहिलंच नाही, नुसता बघत राहिला. त्या कॉलेजात दुसरा कोणी हेर फिरकत नव्हता. तीन वर्षं लेन तिथं जात राहिला. ओटिसच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून मक्याचा गरम पाव खात त्यानं शब्द दिला होता, "तुमच्या पोराला यंदा फोन येणार. नक्की येणार." आणि इकडे मॅनेजर ब्रॅड हॉलंबेकनं लेनला गोड हसून सांगितलं होतं, "लेन, तुझा करार मे महिन्यात संपतोय. यंदा तुझं एक तरी पोरगं घरात आलं पाहिजे, काय?" दोन्ही गोष्टी एकाच पट्टीला चिकटलेल्या होत्या.

आता एप्रिलबद्दल सांगायला हवं. एप्रिलमध्ये या धंद्यात सगळे खोटं बोलतात. जो हवा त्याला नावं ठेवायची, जो नको त्याच्यावर जीव ओवाळून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या संघांना वास लागत नाही. यात कोणाला गैर वाटत नाही, उलट खरं बोलणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. ब्रॅडनं मार्चमध्येच फर्मान काढलं होतं. "ओटिसचं नाव बाहेर काढायचं नाही. त्याला इथं भेटीला बोलवायचं नाही. कोणी विचारलंच, तर काहीतरी खोट सांगायची."

लेनला खोटं बोलता येत नसे. पण तीन आठवड्यांपूर्वी कॅन्ससमधल्या एका खानावळीत त्याच्यासमोर येऊन बसला गस टिबिट्स, डेटनच्या संघाचा हेर, बावीस वर्षांचा दोस्त आणि बावीस वर्षांचा वैरी. त्यानं पॅनकेक मागवले आणि सहज विचारलं, "काय रे लेन, या ओसाड गावात कशाला मरतोयस?"

लेनची कॉफी समोर होती. काळी, बिनसाखरेची. त्यानं चमचा उचलला आणि ती ढवळायला लागला.

"एका पोराला बघायला आलो होतो. ग्रॅनबेरी. वाया गेली फेरी. गुडघा गेलाय त्याचा."

"अरेरे," गस म्हणाला. "कोणता?"

लेननं हा प्रश्न येईल असं धरलं नव्हतं. "डावा," तो म्हणाला आणि आणखी जोरात ढवळायला लागला.

झालं. तो गुडघा तिथून निघाला तो गावोगाव फिरून तीन आठवड्यांनी टोलेडोला येऊन पोचला.

"डॉक्टर, ही थाप माझी आहे!" लेन म्हणाला. "मीच उठवली. ब्रॅडला विचारा."

"एकानं मला डावा सांगितला," डॉक्टर बोटं मोजत म्हणाले, "दुसऱ्यानं उजवा. तिसरा म्हणाला दोन्ही. मी दोन्ही धरतोय."

"अहो, पण दोन्ही शाबूत आहेत!"

"मग तपासणीचा कागद दाखव."

इथंच घोडं अडलं होतं. मोठमोठ्या कॉलेजांच्या पोरांची एकत्र तपासणी होते, तिथं ओटिसला बोलावणंच नव्हतं. टोलेडोला आणून डॉक्टरांना दाखवायचा, तर ब्रॅडनंच मनाई केली होती. आणि आता भेटींची मुदत गेल्या बुधवारीच संपली होती. टोलेडोनं ओटिसला इतका बेमालूम लपवला होता की टोलेडोच्याच डॉक्टरांनी त्याला कधी पाहिला नव्हता.

लेन ब्रॅडच्या खोलीत गेला. ब्रॅडनं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली.

"लेन, तू म्हणतोस ती थाप होती."

"तूच सांगितलं होतंस!"

"मी काहीतरी खोट सांग म्हणालो. गुडघा कुठं म्हणालो? आणि समजा, गुडघा खरंच गेलाय. तुझा करार संपतोय, हा पोरगा तुझा लाडका. तर आज तू काय म्हणशील? हेच ना, की ती थाप होती?"

"ब्रॅड, मी तुझ्याशी खोटं बोलेन?"

"एप्रिल आहे बाबा," ब्रॅड प्रेमानं म्हणाला. "माझी बायकोसुद्धा विचारते, जेवलास म्हणतोस ते खरं ना."

मंगळवारी ओटिसच्या आईचा फोन आला. बाई बोलायला शांत, पण त्या दिवशी तिनं खुशालीसुद्धा विचारली नाही.

"मिस्टर वोयचिक, माझ्या पोराच्या गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही हो!"

"मग चार गावांहून फोन कसे आले? एकजण विचारतो शस्त्रक्रिया कधी झाली, दुसरा विचारतो चालता येतं का. पोरगं घाबरलंय. परवापासून पायावर गोठवलेल्या मटारच्या पिशव्या ठेवून बसलंय. म्हणतं, आई, एवढी शिकलेली माणसं म्हणतायत, तर काहीतरी असेल. आणि आता थोडं लंगडतंयसुद्धा."

लेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडधाकट पोराला आपण नुसत्या जिभेनं लंगडा केला! तरी त्यानं डोकं लावलं. "तुम्ही एक करा. त्याला मैदानावर पळवा, प्रशिक्षकांना सांगून चित्रण करा आणि मला पाठवा. आजच."

चित्रण संध्याकाळी आलं. लेननं डॉक्टर आणि ब्रॅड दोघांना ओढत आणून पडद्यासमोर बसवलं. ओटिस धावत आला. पावलं तीच, हलकी. पण दर तीन पावलांनी तो मान खाली घालून आधी डाव्या गुडघ्याकडे बघायचा, मग उजव्याकडे.

"पाहिलंस?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्याचाच विश्वास नाही त्याच्यावर."

"आणि दोन्हीकडे बघतोय," ब्रॅड म्हणाला. "दोन्हीच गेलेत."

त्या रात्री जेवताना लेनच्या बायकोनं, जोआननं, त्याच्या ताटातला तसाच पडलेला सॉसेज आपल्या ताटात घेतला. "गसला फोन करून खरं सांगून टाक ना," ती म्हणाली.

"खरं सांगितलं तर डेटनवाले त्याला उचलतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कोणीच उचलणार नाही."

"मग तुला तुझा संघ हवाय की त्या पोराचं भलं?" जोआन म्हणाली. भांडी विसळून झाल्यावर लेननं गसला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "गस, त्या ग्रॅनबेरीचा गुडघा ठणठणीत आहे. मी खोटं बोललो होतो."

गस खूप वेळ हसला. "लेन, एप्रिलमध्ये असं बोलू नये रे. कोण विश्वास ठेवणार?" आणि त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी दुसरी आणि तिसरी फेरी होती. फळ्याच्या खोलीत पंधरा माणसं, पिझ्झाचे डबे, आणि समोर पडद्यावर घड्याळ. दुसऱ्या फेरीत टोलेडोनं चेंडू घेऊन पळणारा एक गडी घेतला. तिसरी फेरी सुरू झाली तसा लेन उठला, दाराजवळच्या फळ्यावरची ओटिसची पट्टी काढली आणि मोठ्या फळ्यावर लावली. डॉक्टरांनी ती काढून परत दाराशी नेली. लेननं पुन्हा आणली. असं चारदा झालं. पाचव्यांदा ब्रॅड म्हणाला, "अरे, बसा दोघंही. लहान आहात का?" आणि पट्टी स्वतःच्या खिशात टाकली.

"ब्रॅड, पाया पडतो तुझ्या," लेन म्हणाला. "आपली पाळी तीन नावांवर आलीय. घे त्याला. नाही चालला तर मे महिन्याची वाट बघू नकोस, उद्या सकाळीच मला काढ."

ब्रॅडनं खिशात हात घातला. पट्टी चाचपली. त्याचं मन जरा डळमळलं असावं, कारण तो भिंतीवर लावलेल्या, आडव्या पडलेल्या कोलच्या फोटोकडे बघत होता. तेवढ्यात पडद्यावरचा निवेदक बोलला, "डेटननं निवड केली आहे. ओटिस ग्रॅनबेरी."

मग डॉक्टर फेल्डकँप टाळ्या पिटत उभे राहिले. "गळाला लागले! डेटनवाले दोन मोडके गुडघे घेऊन बसले!" सगळी खोली हसायला लागली. कोणीतरी लेनच्या पाठीवर थाप मारली. लेन बाहेरच्या बोळात गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

फोन वाजला. आधी ओटिसची आई. ती रडत होती, हसत होती, मागं सगळी आळी ओरडत होती. "मिस्टर वोयचिक, फोन आला! तुम्ही म्हणाला होतात तसा आला! आणि त्याचं लंगडणं थांबलं बघा, आत्ता अंगणात नाचतोय!" लेनच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं हातचं गेलं होतं, सव्वीस वर्षांची नोकरीही बहुतेक गेली होती, आणि तरी गेल्या कित्येक वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता. "त्याला म्हणावं, खाली बघू नकोस आता," तो म्हणाला.

मग गसचा फोन आला.

"आभारी आहे रे."

"मंगळवारी मी खरं सांगितलं ते पटलं म्हणायचं तुला?"

"मंगळवारचं कशाला? मला पहिल्या दिवशीच कळलं. बावीस वर्षं तू माझ्यासमोर काळी कॉफी पितोयस. साखर नाही, दूध नाही. त्या दिवशी ती पाच मिनिटं ढवळत होतास. मी तिथूनच त्याच्या कॉलेजात गेलो आणि दोन दिवस त्याला बघितलं."

"मग ती बातमी कशाला पसरवलीस?"

"पसरवणारच. तू एवढी चांगली थाप दिलीस, वाया कशी घालवू? पण डावा-उजवा माझ्या लक्षात राहिला नाही बघ."

लेननं फोन खिशात टाकला. म्हणजे ती थाप देशातल्या ज्या एका माणसासाठी होती, त्यानं ती मुळीच मानली नव्हती. मानली होती ती टोलेडोनं.

सोमवारी सकाळी ब्रॅडनं त्याला खोलीत बोलावलं. लेननं घरून निघतानाच जोआनला सांगितलं होतं, टेबलावरचं सामान खोक्यांत भरून आणतो. पण ब्रॅडनं दार लावून घेतलं, स्वतः उठून लेनसाठी कॉफी ओतली आणि टेबलावर करार ठेवला. तीन वर्षांचा.

"मी मालकांशी बोललो," तो म्हणाला. "पोरं हेरणारे पैशाला पासरी मिळतात. पण डेटनसारख्या संघाच्या गळी मोडका गुडघा उतरवणारा माणूस! आणि शेवटच्या क्षणापर्यंत काय सोंग वठवलंस रे! पाया पडतो म्हणालास, नोकरी पणाला लावलीस. मी स्वतः फसत होतो, पट्टी काढणारच होतो. मला आता फक्त एक सांग. हे सगळं तू पहिल्यापासून ठरवून केलंस ना?"

लेननं कराराकडे पाहिलं. मग समोरच्या काळ्या कॉफीकडे पाहिलं.

"तर काय," तो म्हणाला आणि चमचा उचलून कॉफी ढवळायला लागला.