खांद्याची लोड टेस्ट

लॅपटॉप हलका घ्यायचा की ताकदीचा, या प्रश्नावर घरात दोन तट पडले होते आणि ज्यांच्यासाठी तो घ्यायचा होता ते इंजिनियरसाहेब कुठल्याच तटात नव्हते. ते दोन माहितीपत्रकं समोर ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. चेहरा असा, की जणू त्यांना दोन जुन्या इमारतींपैकी एक पाडायला सांगितली आहे.

"हलकाच घ्यायचा," सिस्टर म्हणाल्या. सिस्टर म्हणजे साहेबांच्या पत्नी. एका मोठ्या हॉस्पिटलात त्या मुख्य परिचारिका होत्या. तिथे त्यांना सगळे सिस्टर म्हणत आणि घरीही गंभीर प्रसंगी नवरा त्यांना त्याच नावाने हाक मारी. "एक किलोचा आहे. पिशवीत टाकला तर कळणारसुद्धा नाही."

"आई, त्याच्यावर बाबांचं इमारतीचं मॉडेल उघडेल, पण जरा फिरवलं की लॅपटॉप मान टाकेल," मुलगी म्हणाली. ती बावीस वर्षांची झाली तरी घरात छोटीच होती. ॲनिमेशन शिकत होती आणि ताकदीच्या लॅपटॉपवर बाबांचं काम झालं की आपलंही जमेल, हा तिचा हिशोब घरात कोणापासून लपलेला नव्हता. "त्यांना प्रोफेशनलच लागणार. तीन किलोचा असला म्हणून काय झालं?"

"तीन किलो तू उचलणार आहेस का रोज?"

छोटी माहितीपत्रकाची पानं उलटायला लागली. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या पाठीतली गादी सरकली होती. महिनाभर ते अंथरुणाला खिळले होते. तोवर सिस्टरांनी हजारो पेशंट पाहिले होते, पण स्वतःचे मोजे घालता येत नाहीत म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेला पेशंट त्यांना बघवला नव्हता.

साहेबांचंही एक दुखणं होतं, पण ते पाठीचं नव्हतं. कंपनीतून निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता एका शाळेच्या जुन्या इमारतीचं छत तपासायचं काम आलं होतं. पहिलंच स्वतःचं काम, आणि ते आठवडा सोडून पुढच्या सोमवारी सुरू होणार होतं. हलका लॅपटॉप घेणं म्हणजे आपण आता हलक्या कामाचेच उरलो हे कबूल करणं, असं त्यांना वाटत होतं. तोंडाने ते तसं म्हणाले नाहीत. सिस्टरांना ते न बोलताच कळलं होतं, आणि म्हणूनच त्या जास्त घाबरल्या होत्या.

"वाद नको," साहेब शेवटी म्हणाले. "पूल बांधला की गाड्या सोडण्याआधी त्यावर वाळूच्या गोण्या ठेवून बघतात. आपण माझ्या खांद्याची लोड टेस्ट घेऊ."

त्यांनी मिठाच्या एक-एक किलोच्या तीन पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, गठ्ठ्याला चिकटपट्टी लावली आणि तो खांद्याच्या बॅगेत ठेवला. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज सकाळी ही बॅग घेऊन बाजारापर्यंत चालायचं, परत यायचं आणि तीन मजले जिन्याने चढायचे, असं ठरलं. "आणि एक लक्षात ठेवा," साहेबांनी बजावलं, "टेस्ट चालू असताना लोडला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावणार नाही. हा आमच्या धंद्यातला नियम आहे."

सोमवारी साहेब परत आले ते कपाळ पुसत. "जाणवतं थोडं," ते म्हणाले, "पण जमेल."

ते 'जमेल' सिस्टरांना मुळीच आवडलं नाही. हा माणूस मोडून पडेपर्यंत 'जमेल'च म्हणणार, हे त्या ओळखून होत्या. साहेब आंघोळीला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. साहेबांना पाठीच्या व्यायामासाठी पायाला बांधायच्या वाळूच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या तिथे पडून होत्या. पट्टी चपटी, एक किलोची. सिस्टरांनी त्यातली एक बॅगेच्या मागच्या कप्प्यात, अस्तराखाली सारून दिली. आयुष्यभर या बाईने पेशंटच्या तक्त्यावर एक आकडा खोटा लिहिला नव्हता. पण पाठ नवऱ्याची होती, आणि तक्ता कुठेच नव्हता.

मंगळवारी साहेब आले आणि म्हणाले, "कालच्यासारखंच."

"कालच्यासारखंच?" सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"मग? वजन तेच आहे ना?"

"हो, तेच. वजन कुठे जाणार?" असं म्हणून सिस्टर भांडी आवरायला लागल्या. भांडी आधीच आवरलेली होती.

बुधवारी पहाटेच त्यांना हॉस्पिटलातून बोलावणं आलं. दुपारी त्या परतल्या तेव्हा साहेब खिडकीशी उभे होते आणि गोंधळलेले दिसत होते. "आज गंमतच झाली," ते म्हणाले. "बॅग काही लागतच नव्हती. बाजारात पोचलो तेव्हा खांद्याला हात लावून बघितला, की बॅग घरी तर नाही ना राहिली."

सिस्टरांनी मनाशी हिशोब केला. एक किलो घातलं तर कालच्याइतकंच, आणि काहीच केलं नाही तर हलकं? असलं औषध त्यांनी पाहिलं नव्हतं, जे वाढवलं की गुण कमी होतो. मग त्यांनी तेच केलं जे डॉक्टर करतात. मात्रा वाढवली. दुसरीही पट्टी अस्तराखाली गेली.

गुरुवारी साहेबांना यायला बराच उशीर झाला. सिस्टर दार उघडून जिन्यात डोकावल्या, तर साहेब दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले आणि बॅग मांडीवर. चेहरा पांढराफटक.

"अहो, काय झालं? पाठ दुखतेय का?"

"पाठ ठीक आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पाठीला काही नाही. तेच तर."

ते उठले, उरलेला मजला चढले, बॅग खुंटीला लावली आणि सरळ खोलीत गेले. थोड्या वेळाने सिस्टर चहा घेऊन गेल्या, तर साहेब डोळे मिटून एका पायावर उभे होते. मग त्यांनी दुसरा पाय उचलून बघितला. मग डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला, उजव्या हाताने उचलला आणि दोन्ही वेळा मान हलवली.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "माणसाला वजन कळेनासं झालं, तर ते कशाचं लक्षण असतं?"

गंभीर प्रसंगीचं ते नाव ऐकून सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाला?"

"असंच विचारतोय. तीच वस्तू एक दिवस हलकी लागते, दुसऱ्या दिवशी धोंडा. वजन तर तेच. म्हणजे दोष काट्यात आहे." साहेबांनी छातीवर बोट टेकवलं. "काटा म्हणजे मी."

या क्षणी खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण 'अहो, तुमच्या नियमाला मीच हरताळ फासला' हे त्यांच्याने काही केल्या म्हणवेना. "थकवा असेल," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या. बाहेर येऊन त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी साहेब बॅग न घेताच उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोनजवळ जाऊन बसले.

"कोणाला फोन लावताय?"

"शाळेच्या अध्यक्षांना. काम घेत नाही म्हणून सांगतो."

"अहो, पण का?"

"अगं, त्या छताखाली मुलं बसतात," साहेब शांतपणे म्हणाले. "स्वतःच्या खांद्यावरचं वजन ज्याला कळत नाही, त्याने छत किती वजन पेलेल ते सांगायचं? उद्या माझा अंदाज चुकला तर? नको. वेळेवर थांबलेलं बरं. तुझ्या ओळखीत मेंदूचे डॉक्टर कोण चांगले आहेत, ते तेवढं बघून ठेव."

निदान पट्ट्या तरी काढून टाकाव्यात, शेवटचं एकदा बॅग उचलायला लावावी, म्हणजे वजन बरोबर लागेल आणि हा माणूस ताळ्यावर येईल, असा विचार करून त्या बाहेरच्या खोलीत धावल्या. खुंटीपाशी छोटी उभी होती. तिचा एक हात बॅगेत होता आणि दुसऱ्या हातात मिठाची पिशवी.



"तू काय करतेयस?" सिस्टरांनी विचारलं.

"तू काय करायला आलीस?"

"आधी मी विचारलं."

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी सोमवारी एक पिशवी काढली. बाबांना जड वाटायला नको म्हणून. मग मंगळवारी ते कालच्यासारखंच म्हणाले, म्हणून आणखी एक काढली. बुधवारी एकदमच हलकं लागलं म्हणाले, तेव्हा मी घाबरले, पकडली जाईन म्हणून. दोन्ही परत ठेवल्या. आणि काल तर ते... आई, वजन बरोबर केलं त्याच दिवशी बाबा पायरीवर बसले! खरंच काहीतरी झालंय त्यांना!"

सिस्टरांनी बॅगेचं अस्तर वर केलं आणि दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. छोटीने पट्ट्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"तू?" ती म्हणाली. "तू घातल्यास?"

"पळ," सिस्टर म्हणाल्या. "फोन लागायच्या आत पळ."

आतून साहेबांचा आवाज येत होता. "नमस्कार, अध्यक्षसाहेब. मी इंजिनियर बोलतोय. जरा स्पष्टच बोलायचं होतं, माझ्या तब्येतीच्या—" एवढ्यात मिठाची पिशवी हातात घेतलेली मुलगी आणि दोन्ही दंडांवर वाळूच्या पट्ट्या टाकलेली बायको एकदमच दारातून आत घुसल्या. सिस्टरांनी फोन हिसकावून घेतला. "तब्येत उत्तम आहे यांची," त्या धापा टाकत म्हणाल्या, "एवढंच सांगायचं होतं. सोमवारी येतायत." आणि फोन ठेवून दिला.

कबुलीजबाब फार सुरळीत झाला नाही. दोघी एकदम बोलत होत्या, मध्येच एकमेकींवर खापर फोडत होत्या. साहेब कान देऊन ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लोडला हात लावलात?"

"हो," दोघी खालमानेने म्हणाल्या.

साहेब उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. सिस्टर पुढे झाल्या. साहेब रडताहेत असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं, पण मध्येमध्ये ते हसतही होते.

"फार घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "मला वाटलं, संपलो मी."

"माझं चुकलं," सिस्टर म्हणाल्या. एवढे दोन शब्द बोलायला त्यांना पाच दिवस लागले होते.

मग साहेबांनी डोळे पुसले, आणि त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. "थांबा. काल बॅगेत किती होतं? तीन आणि दोन, पाच. पाच किलो घेऊन मी तीन मजले चढलो?"

"मध्ये बसलात," सिस्टरांनी आठवण करून दिली.

"घाबरून बसलो. दमून नाही. पाठ दुखली का? नाही दुखली. म्हणजे ठरलेल्या लोडपेक्षा दोन किलो जास्त, आणि स्ट्रक्चर शाबूत!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "याहून चांगली टेस्ट मी स्वतः घेतली नसती. प्रोफेशनलच घ्यायचा."

छोटीने जीभ चावली, पण चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता आला नाही. आपल्या हाताने आपणच हरलो, हे सिस्टरांना कळून चुकलं. पण साहेबांच्या चेहऱ्यावर परत आलेला रंग बघून त्यांना हरल्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी तिघं दुकानात गेली. विक्रेत्या मुलीने लॅपटॉप दाखवला, साहेबांनी शाळेच्या छताचं मॉडेल त्यावर उघडून गरागरा फिरवलं, सगळं मनासारखं झालं. मग तिने खोक्याच्या तळातून एक काळा ठोकळा काढून काउंटरवर ठेवला. विटेएवढा होता, त्याला जाड वायर गुंडाळलेली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चार्जर, सर. हा बरोबर ठेवावाच लागतो. जड काम असलं की याच्याशिवाय तासभरसुद्धा चालत नाही."

साहेबांनी ठोकळा उचलला, हातात झुलवून बघितला आणि सिस्टरांच्या हातात दिला. वाळूची पट्टी हाताळलेल्या बोटांना वजन लगेच कळलं. किलोभर सहज होतं. चार्जरचं वजन घरात कोणीच धरलं नव्हतं. म्हणजे सबंध आठवड्यात खऱ्या लोडच्या सगळ्यांत जवळ कोणी गेलं असेल, तर ती सिस्टरांची पहिली लबाडी. एरवी त्या हे ऐकवल्याशिवाय राहिल्या नसत्या. पण साहेबांनी लॅपटॉप बॅगेत घालून बॅग खांद्याला लावली होती आणि आरशात बघावं तसं ते दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघत होते. ताठ उभे होते. फार दिवसांनी त्या त्यांना असं उभं बघत होत्या.

"जमेल," साहेब म्हणाले.

"जमेल ना," सिस्टर म्हणाल्या आणि चार्जर आपल्या पर्समध्ये टाकला. "हा माझ्याकडे. सोमवारी माझी सुट्टी आहे. शाळेपर्यंत मी येते."

"अगं, पण तू कशाला ओझं—"

"हा आमच्या धंद्यातला नियम आहे," सिस्टर म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी निघण्यासाठी पर्स उचलली, आणि त्या थबकल्या. चार्जर असूनही पर्स जड लागत नव्हती. त्यांनी आत पाहिलं. चार्जर जागेवर होता. पाण्याची बाटली नव्हती, छत्री नव्हती, बसमध्ये वाचायला ठेवलेली जाडजूड कादंबरीही नव्हती. त्यांनी मान वर केली. साहेब दारात तयार उभे होते, अगदी गंभीर. त्यांच्या कोटाचा एक खिसा बाटलीने फुगला होता, दुसऱ्यातून छत्रीची मूठ बाहेर आली होती आणि काखेत कादंबरी होती. छोटी दारामागे तोंडावर हात दाबून उभी होती.

"आज पर्स अशी हलकी कशी लागतेय हो?" सिस्टरांनी विचारलं.

"थकवा असेल," साहेब म्हणाले आणि त्यांच्यासाठी दार धरून उभे राहिले.