साळुंक्यांचा पिवळा भात

अतिवृष्टी झाली की गावातले लोक आधी कुणाची भिंत पडली ते बघतात. आमचे धोंडीबामामा चूल पेटवतात आणि पातेलंभर भात टाकतात, मूठभर हळद घालून, पिवळाधम्मक. मग तो भात सोयाबीनच्या तासात, दोन ओळींच्या मधे पसरतात. जेवणारे कोण? साळुंक्या आणि काळे कोतवाल पक्षी.

मामांचं शेत माझ्या धुऱ्याला, बांधाला लागून, त्यामुळे हे कौतुक मला रोज ऐकावं लागतं. "पाऊस उघडला की पतंग उठतेत. पतंग अंडी घालतेत, अंड्यातून अळी. पिवळं बघून पाखरू खाली उतरलं की भात खातंय अन् तोंडी लावायला अळी. बराबर हाय का न्हाई?" बराबर म्हटल्याशिवाय मामा वाट सोडत नाहीत. उडते पतंग धरणाऱ्या कोतवालांना बसायला त्यांनी शेतभर काठ्या रोवल्यात. त्यातल्या एकीला मी एकदा गोऱ्हा बांधला, तर आठ दिवस बोलले नाहीत. घरात दिव्याजवळ पतंग टिपणाऱ्या पालीलाही ते हाकलू देत नाहीत. कामाची बाई आहे म्हणतात.

यंदा पाऊस चार दिवस हटला नाही. उघडल्यावर बल्बभोवती इतके पतंग झाले की भाकर झाकून खावी लागली. दहा-बारा दिवसांत अळ्यांनी माझ्या सोयाबीनची चाळणी केली. डोकंच फिरलं माझं. जाऊन फवारणीचं औषध घेऊन आलो.

"दोन दिस थांब," मामा म्हणाले. "माझ्याकडं जेवलेलं पाखरू तुझ्याकडं अळी टिपून राहिलं. औषध मारलंस तर मरंल ते."

"अन् माझं पीक मेलं तर?"

मामा मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप पाठीला लावून शेतात गेलो. मामा त्यांच्या तासात बसले होते. पुढ्यात पळसाच्या पानावर तोच पिवळा भात, आणि चार हातांवर साळुंक्या. मामाही जेवत होते.

"मामा, घर सोडून इथं काहून जेवता?"

"तुझी मामी गेल्यापासून घरी एकट्याला घास उतरत न्हाई रे," ते म्हणाले. "इथं कुणीतरी संगं जेवतंय."

मी पंप धुऱ्यावर उतरवला, दोन दिवस थांबतो म्हणालो आणि शेजारी बसलो. त्यांनी अर्धा भात माझ्याकडे सरकवला. त्यात मीठच नव्हतं. पाखरांना मीठ सोसत नाही म्हणे.

मी दुसऱ्यांदा मागून घेतला.