अलास्काचे तिसरे मत

"बोटीला आठ तास लागतात, विमानाला वीस मिनिटं," हाल्वर नेसेट म्हणाला. "यात बोलण्यासारखं काय आहे?"

"विमान उतरलं तर वीस मिनिटं," त्याची बायको सिग्ने म्हणाली. ती त्याच्या काळ्या कोटाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. "डिसेंबरात जुनोला धुकं असतं. साठ वर्षं समुद्रावर काढलीस, तुला मी धुकं शिकवायचं?"

"रविवारी हॉलमध्ये लुटेफिस्कचं जेवण आहे. दोनशे माणसं येणार. एकतीस वर्षं तो सुका मासा मीच भिजवून शिजवतोय. मी नसलो तर गुस्ताव शिजवेल, आणि मग तो मासा राहत नाही, खळ होते."

"तू केलास तरी त्याची खळच होते."

"सिग्ने!"

"मी शनिवारच्या बोटीनं पुढे जाते, कोट घेऊन. तुझ्या अंगाला माशाचा वास असेलच, निदान कोटाला नको. तू सोमवारी ये. आलास तर."

त्यांच्या पीटर्सबर्ग गावाहून अलास्काच्या राजधानीला, जुनोला, जायला तिसरा मार्ग नव्हता. तिथे रस्ता कुठूनच जात नाही. आणि सोमवारी सकाळी अकराला हाल्वरला तिथे असणे भाग होते, कारण अलास्कातर्फे देशाच्या अध्यक्षपदाचे मत देणाऱ्या तिघांपैकी तो एक होता. नोव्हेंबरात लोक जी मते टाकतात ती खरे तर या तिघांना पाठवण्यासाठी असतात. राज्याचे मत पडते ते डिसेंबरात, हे तिघे राजधानीत जमून कागदावर उमेदवाराचे नाव लिहितात तेव्हा. हाल्वरचा उमेदवार अलास्कात जिंकला होता आणि देशात हरला होता, हे सगळ्यांना महिनाभर आधीच ठाऊक होते. तरी ती तीन नावे लिहावी लागतातच.

हाल्वरच्या दृष्टीने देशाचा निकाल हा दुय्यम मुद्दा होता. चाळीस वर्षे त्याने पक्षाच्या सभांना खुर्च्या मांडल्या, कॉफी उकळली, वाऱ्यात पाट्या ठोकल्या आणि पडल्यावर पुन्हा ठोकल्या. त्याला स्वतःला मात्र कधी कोणी कशावर निवडून दिले नव्हते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पक्षाचे पत्र आले की तिघांपैकी एक तू. मतांच्या कागदावर आपले नाव लागणार, तो कागद वॉशिंग्टनला जाणार आणि तिथे कायमचा जपून ठेवला जाणार, हे त्याने बंदरावर, चर्चमध्ये आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडे असतानाही सांगितले होते.

सिग्ने दुसऱ्या पक्षाची. बावन्न वर्षे दोघे एकाच गाडीतून मतदानाला जात होते आणि एकमेकांचे मत पुसून येत होते. येताना बेकरीत थांबत. तरीही कोटाला इस्त्री तिनेच केली, आणि शनिवारच्या थंडीत तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोटीवर चढलीही तीच.

सोमवारी साडेनऊला ती जुनोच्या सभागृहात पहिल्या रांगेत, कोट मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीबाहेर झेंड्याची काठी अर्ध्यातच संपली होती. वरचा अर्धा भाग धुक्यात होता. पावणेदहाला फोन वाजला.

"सिग्ने, मी सिटकाला आहे."

"सिटकाला कशाला गेलास?"

"मी कुठे गेलो? विमान गेलं. जुनोवर तीन घिरट्या घातल्या, खाली नुसता कापूस. मग वैमानिक म्हणाला, चला पुढे. आता परत एकदा बघू म्हणतोय. तू त्यांना सांग, सुरू करू नका."

"तुमचा तो राखीव माणूस कुठंय? रँगलचा, एल्डन पर्डी?" कोणी आलेच नाही तर म्हणून पक्षाने एल्डनला नेमून ठेवले होते.

"हा काय, माझ्या शेजारी."

सिग्नेने डोळे मिटले. "तुझ्या जागी बसवायचा माणूस तुझ्याच विमानात बसवला?"

"सोबत होते म्हणून," हाल्वर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "इतका वेळ तसं डोक्यात नव्हतं आलं कोणाच्या."

निवडणूक कार्यालयाच्या लेनोर हॅस्केलबाईंनी हा निरोप शांतपणे ऐकला. त्यांच्या टेबलावर मतांच्या कागदाच्या सहा प्रती, तीन पेने आणि एक घड्याळ एका रेषेत ठेवलेले होते.

"कायद्यात अकरा वाजता असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "धुकं लिहिलेलं नाही."

बाकीचे दोघे शनिवारीच पोचले होते. फेअरबँक्सची डोरीन काल्किन्स, जिने तीस हिवाळे शाळेची बस चालवली होती, आणि डिलिंगहॅमचा एव्हान नानालूक, जो फार बोलत नसे. दोघांच्या मधली खुर्ची रिकामी होती. मागे चौथीचा एक वर्ग सहलीला आला होता आणि राज्य मत कसे देते ते पाहायला वाट बघत होता.

अकराला दोन मिनिटे कमी असताना छतावरून घरघर ऐकू आली. आधी बारीक, मग मोठी. सभागृहातल्या सगळ्या माना वर झाल्या.

"हाल्वर आला," एव्हान म्हणाला.

घरघर डोक्यावरून सरकली, डोंगराच्या बाजूला वळली, परत आली, आणि हळूहळू उत्तरेकडे विरत गेली.

"हाल्वर गेला," एव्हान म्हणाला.

वर विमानात हवाईसुंदरी हाल्वरच्या खुर्चीशी उकिडवी बसली होती. "काका, आपण आता अँकरेजला चाललोय. सॉरी."

"पोरी, राजधानी आत्ता माझ्या पायाखाली होती."

"हो ना."

"अकरा वाजता मला राजधानीत असायचं होतं. अकरा वाजता मी होतो. पाच हजार फूट वर, एवढंच."

"कॉफी देऊ?" ती म्हणाली. तिच्या हातात तेवढेच होते.

खाली हॅस्केलबाईंनी वीस मिनिटे वाट पाहिली, मग चष्मा लावला. "जागा रिकामी राहिली की हजर असलेल्या दोघांनी तिसरा निवडायचा. माणूस अलास्काचा मतदार हवा आणि केंद्र सरकारच्या नोकरीत नको."

डोरीनने सभागृहावर नजर फिरवली. पक्षाचा जुनोतला अध्यक्ष हात वर करून उभाच होता, पण तो टपाल खात्यात होता, म्हणजे केंद्र सरकारचा. झेंडे घेऊन उभे असलेले चौघे तटरक्षक दलाचे, तेही केंद्राचे. मागच्या रांगेतले तिघे वनखात्याचे, तेही.

"या गावात दुसरं कोणी पगार देतं की नाही?" डोरीनने विचारले.

वार्ताहर म्हणाला, बातमी लिहिणाऱ्याने बातमीत जाऊ नये असा त्याच्या संपादकाचा नियम आहे. सभागृहाच्या रखवालदाराने आनंदाने होकार दिला आणि पाच मिनिटांनी सांगितले की तो कॅनडाचा आहे. शिक्षिका तीन आठवड्यांपूर्वीच ओहायोहून आली होती. चौथीतल्या एका मुलीने हात वर केला, तिला कोणीतरी खाली करायला लावला.

मग डोरीनची नजर पहिल्या रांगेवर थांबली. "आणि तुम्ही?"

"मी कोट आणलाय फक्त," सिग्ने म्हणाली.

"तुम्ही हाल्वरच्या कोण?"

"बायको. पण माझा काही उपयोग नाही. तुमच्या त्या माणसाला मी नोव्हेंबरात मत दिलेलं नाही. त्याच्या आधीच्यालाही नाही, आणि त्याच्याही आधीच्याला नाही."

"ते आम्हाला कळायची गरज नव्हती," हॅस्केलबाई घाईने म्हणाल्या.

"का नको? उगाच फसवणूक कशाला! अहो, हाल्वर एकदा बंदर समितीला उभा होता. एका मतानं पडला. ते मत माझं होतं."

डोरीनने खुर्ची पुढे ओढली.

"त्याच्या विरुद्ध उभा होता तो बंदरावरची क्रेन दुरुस्त करणार होता," सिग्नेने खुलासा केला.

"केली का?" डोरीनने विचारले.

"केली."

"आणि हाल्वरला हे कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. मीच सांगितलं, बटाटे सोलताना."

"मग?"

"मग काय! म्हणाला, क्रेन दुरुस्त व्हायलाच हवी होती."

एव्हान इतका वेळ हाताची घडी घालून बसला होता. त्याने ती सोडली. "हीच बाई पाहिजे."

"अरे पण एव्हान, त्या आत्ताच काय म्हणाल्या?"

"ऐकलं मी. जी बाई नवऱ्याला पाडते आणि त्याच संध्याकाळी त्याला सांगते, ती शपथ घेऊन खोटं करणार नाही. आपल्या पक्षात अशी किती माणसं आहेत?"

डोरीन बोटांवर मोजायला लागली आणि पहिल्याच बोटावर थांबली. पक्षाचा अध्यक्ष, अजून उभाच, काही बोलायला लागला, पण डोरीनने बसमधल्या मागच्या सीटवर बघावे तसे त्याच्याकडे बघितले. तो बसला.

"शपथ अशी आहे," हॅस्केलबाई म्हणाल्या, "की या पक्षाच्या उमेदवारालाच मत द्यायचं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"दुसरं कोणी दिसत नाही. अलास्काची दोनच मतं जातील."

बावन्न वर्षे सिग्ने हाल्वरचे मत पुसत आली होती, आणि त्यासाठी दरवेळी रांगेत उभे राहावे लागत असे. आज काहीच करायचे नव्हते. नुसते मांडीवर कोट घेऊन बसून राहायचे होते. त्या उमेदवाराचे एक मत कमी झाले असते आणि दोष धुक्यावर गेला असता.

तिने कोटावरचे प्लास्टिक सारखे केले. दोन दिवसांपूर्वी तिने त्याच्या खिशात पेन ठेवले होते. तिथले पेन चालले नाही तर, म्हणून. हाल्वरला असल्या गोष्टींची काळजी असायची. ती उठली, कोट मधल्या खुर्चीच्या पाठीला व्यवस्थित अडकवला आणि त्या खुर्चीत बसली.

"आटपा लवकर," ती म्हणाली. "मन बदलायच्या आत."

हॅस्केलबाईंनी नेमणुकीचा कागद पुढे ओढला. "नाव काय लिहू?"

पीटर्सबर्गच्या चर्चच्या यादीत एके काळी बायकांची नावे नवऱ्याच्या नावाने छापत असत. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील तेव्हा सिग्ने पाद्रीबाबांकडे गेली होती आणि म्हणाली होती, मला माझ्या आईवडिलांनी नाव ठेवलेले आहे. यादी पुन्हा छापावी लागली. त्यानंतर गावात कोणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारायची हिंमत केली नव्हती. हाल्वरने तर नाहीच.

"मिसेस हाल्वर नेसेट," ती म्हणाली.

हॅस्केलबाईंचे पेन थांबले. "असं चालेल का, मला बघावं लागेल."

"कायद्यात धुकं लिहिलेलं नाही म्हणालात ना? मग हे चालत नाही असंही लिहिलेलं नसेल."

हॅस्केलबाईंनी कायदा चाळला. लिहिलेले नव्हते.

सिग्नेने हात वर करून शपथ घेतली. मतपत्रिकेवर त्या उमेदवाराचे नाव लिहिताना तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला, पण अक्षर स्वच्छ होते. मग तिने सहाही प्रतींवर त्याच नावाने सही केली. तिसऱ्या प्रतीपर्यंत हात अडखळत होता, चौथीपासून सवय झाली. चौथीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. अलास्काची तीन मते पुरी झाली.

ती बाहेर आली तेव्हा साडेबारा झाले होते आणि आकाश लख्ख होते. झेंडा दिसत होता, डोंगर दिसत होते, डोंगरावरची बकरीसुद्धा दिसली असती. फोन वाजला.

"सिग्ने, अँकरेजला उतरलो." हाल्वरचा आवाज इतका बारीक तिने कधी ऐकला नव्हता. "झालं ना सगळं?"

"झालं."

"माझ्या जागी कोणी बसलं?"

"मी."

पलीकडे विमानतळावरची कसलीशी घोषणा सुरू झाली आणि संपली.

"तू," हाल्वर म्हणाला. "मग मत कोणाला दिलंस?"

"तुझ्या त्या माणसाला. शपथ घेतली होती. हात अजून दुखतोय."

"म्हणजे तिन्ही मतं पडली?"

"तिन्ही."

हाल्वर म्हणाला, "चांगलं झालं. नाव तुझं तर तुझं. सिग्ने नेसेट. कागदावर बरं दिसेल ते."

"सिग्ने नाही लिहिलं."

"मग काय लिहिलंस?"

तिने सांगितले. दोनदा सांगावे लागले.

"सिग्ने," हाल्वर काळजीने म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना? सकाळी काही खाल्लं होतंस का?"

"गप्प बस. नाव त्या कागदापुरतं आहे. घरी मी सिग्नेच आहे. आणि चार वर्षांनी मी परत तुझ्या माणसाच्या विरुद्धच मत देणार आहे."

"दे की. मी गाडी काढीन."

"आणि हे गावात कोणाला सांगत बसू नकोस."

"गावात? छे, छे. गावात कशाला सांगू?"

फोन बंद झाला नव्हता. हाल्वरचा आवाज थोडा लांब गेला, पण स्पष्ट ऐकू येत होता. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"अहो बाई, जरा ऐका. हो, तुम्हीच. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या बायकोनं आज काय केलं माहितीये?"

सिग्नेला फोन ठेवायचा होता. ती पायरीवर उन्हात बसली आणि सगळे ऐकेपर्यंत तिने तो ठेवला नाही.