पळवाट नसलेलं पत्र

दिल्लीच्या द्वारकेतल्या सहा सोसायट्यांनी मिळून एका रविवारी सकाळी सेक्टरभोवतीचा रस्ता मोटारींना बंद ठेवायचा आणि लहानथोरांनी सायकली चालवायच्या असं ठरवलं, तेव्हा पोलिसांना द्यायचं पत्र कोण लिहिणार हा प्रश्नच उद्भवला नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत एकतीस वर्षं मसुदे लिहिण्यात घालवलेले गुणवंतराव देवळे सोसायटीत असताना दुसऱ्या कुणी पेन उचलणं हा आगाऊपणा ठरला असता. त्यांच्या मसुद्यातून मुंगीलाही वाट मिळत नाही अशी ख्याती होती. ती पसरवण्यात त्यांचाही थोडा हात होता.

पत्रात अकरा कलमं झाली. चौथ्यात त्यांनी लिहिलं, की कुठलीही मोटार आत सोडू नये किंवा बाहेर जाऊ देऊ नये, मग ती आयोजकांची का असेना. हे शेवटचे शब्द निव्वळ निःपक्षपातीपणाच्या हौसेपोटी पडले होते.

त्याच रविवारी पुतण्या प्रतीकची यूपीएससीची पूर्वपरीक्षा होती. प्रतीक उदगीरहून येऊन दोन वर्षं त्यांच्याकडे राहत होता, आणि त्याचा हा शेवटचा प्रयत्न होता. केंद्र आर. के. पुरमला, गेट नऊला बंद. गुणवंतराव हे मुळीच विसरले नव्हते. सातला प्रतीकला गाडीतून मेट्रोवर सोडायचं आणि साडेसातला परत येऊन सायकलवर बसायचं, असं त्यांचं गणित होतं. नियम आपण केलेला असला की तो आपल्याला लागत नाही, ही सगळ्याच माणसांची समजूत असते.

सातला गाडी सोसायटीच्या गेटबाहेर आली आणि बॅरिकेडपाशी थांबली. हवालदाराने खिशातून पत्र काढून चौथं कलम दाखवलं.

"आयोजक मैं ही हूँ," गुणवंतराव म्हणाले.

"वो तो लिखा है, साहब," हवालदार आदराने म्हणाला. "जिसने भी लिखा है, पक्का आदमी है।"

या घटकेलाही गुणवंतरावांना किंचित बरं वाटलं. मग त्यांना प्रतीकचा चेहरा दिसला. मेट्रो स्टेशन रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चार किलोमीटरवर. त्यांच्या पत्नी अलकाताईंनी तेवढ्यात आपली बास्केटवाली सायकल काढून, स्वतःचा एकशेबारा नंबर प्रतीकच्या पाठीवर टाचलासुद्धा. वीस मिनिटांचा तर रस्ता, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. फक्त सातवं कलम आडवं होतं: प्रमुख पाहुण्यांच्या पुढे कुणीही जाऊ नये, सायकलवर किंवा पायी.

प्रमुख पाहुण्या होत्या विजयालक्ष्मी मॅडम, वय बहात्तर. गुणवंतरावांच्या निवृत्त साहेब. पळवाट न ठेवता लिहावं कसं हे त्यांनीच गुणवंतरावांना शिकवलं होतं. मॅडम बरोबर साडेसातला निघाल्या आणि ताठ बसून, संध्याकाळी बागेत फिरावं त्या वेगाने सायकल चालवू लागल्या. मागे तीनशे सायकली. दोन्ही बाजूंना शिट्टीवाले स्वयंसेवक. प्रतीक पहिल्याच रांगेत होता आणि त्याचं पुढचं चाक मॅडमच्या मागच्या चाकाला लागायचं तेवढं बाकी होतं.

पावणेआठ झाले तरी एक किलोमीटर संपला नव्हता. प्रतीकने एकदा डावीकडून पुढे निघायचा प्रयत्न केला, तर शिट्टी वाजली. ती काकांनीच वाजवली होती. वाजल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोराची दोन वर्षं एकीकडे आणि सातवं कलम दुसरीकडे, आणि आपण शिट्टी वाजवतो. एकाला सोडलं तर तीनशे सुटतील, हेही खरं होतं. शेवटी ते मॅडमच्या बरोबरीने, पुढे न जाता, सायकल नेत अडचण सांगू लागले. सवयीने आधी पार्श्वभूमी, मग प्रस्ताव.

मॅडमनी ब्रेक दाबला. मागे तीनशे ब्रेक दाबले गेले.

"ड्राफ्ट दिखाओ, गुणवंत।"

त्यांनी चष्मा लावून अकराची अकरा कलमं वाचली, आणि नवव्यावर बोट ठेवलं. प्रमुख पाहुणे असमर्थ असल्यास त्यांनी स्वतः, लेखी, दुसरे प्रमुख पाहुणे नेमावेत. पत्राच्या पाठीवर त्यांनी दोन ओळी लिहून सही केली, वेळ घातली, आणि गळ्यातला झेंडूचा हार प्रतीकच्या गळ्यात टाकला.

"अब आप चीफ गेस्ट हैं। जाइए।"

प्रतीकने जी सायकल हाणली, ती उदगीरच्या पोराने हाणावी तशीच. तीनशे सायकली जिवाच्या आकांताने मागे. आठ वाजून दोन मिनिटांनी सगळा सेक्टर धापा टाकत मेट्रो स्टेशनपाशी पोचला आणि प्रमुख पाहुणे हारासकट जिना चढून गेले. नऊला दहा कमी असताना ते गेटच्या आत होते. फोन त्याने घरीच ठेवला होता, म्हणून गेटवरच्या कुणाच्या तरी फोनवरून त्याने काकूला तसं कळवलं. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पुसतात तोच हवालदार आला. नऊ वाजले होते आणि त्याने अकरावं कलम काढलं होतं. मागच्या वर्षी मुलांच्या सायकली रस्त्यावर असतानाच मोटारी घुसल्या होत्या, म्हणून गुणवंतरावांनी लिहिलं होतं, की प्रमुख पाहुण्यांनी मंचावरून समारोप जाहीर केल्याखेरीज रस्ता उघडू नये.

"चीफ गेस्ट कहाँ हैं, साहब?"

"परीक्षा दे रहे हैं।"

"कब तक?"

"साढ़े चार।"

गुणवंतरावांनी मॅडमना परत पाहुणेपद घेण्याची विनंती केली. मॅडम म्हणाल्या की ते आता लेखी गेलं आहे, आणि नेमण्याचा हक्क त्या मुलाचा आहे. हवालदाराने वर विचारलं. वरच्यांनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, आणि ऐकून झाल्यावर म्हणाले की यात काही करता येत नाही.

लोक तासभर चिडले, मग भूक लागली. कुणी दुभाजकावर सतरंजी अंथरली, कुणी छोले आणले, अलकाताईंनी परातभर मसालेभात पाठवला. भर रस्त्यात क्रिकेट रंगलं. मॅडम दुपारी देवळ्यांच्याच सोफ्यावर झोपल्या, कारण त्यांचीही गाडी आतच अडकली होती. पुढच्या वर्षीही दिवसभर ठेवा, असं चारजण येऊन सांगून गेले. गुणवंतराव मात्र मंचाशेजारी तीनशे प्रमाणपत्रं सांभाळत बसून होते.

साडेपाचला प्रतीक स्टेशनातून बाहेर आला. त्याला कुणी काही सांगायच्या आत मंचावर चढवलं गेलं. कार्यक्रम संपला, असं तो म्हणाला, आणि बॅरिकेड हललं.

"पेपर कसा गेला रे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"चांगला गेला, काका. सोपा वाटला." प्रतीकने हार काढून काकांच्या हातात दिला. "तिथे प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. तुम्ही एकपण ठेवत नाही."

मॅडमनी मान डोलावली. गुणवंतरावांनीही ती तारीफच समजली, आणि घरी जाताना मनाशी बारावं कलम जुळवायला घेतलं.