सरकतं बटण

पंधरा दिवस खपून जावईबापूंनी ते बटण सरकतं केलं होतं. औषधांची आठवण देणारं मोबाइलचं ॲप. गोळीची वेळ झाली की ‘गोळी घेतली’ असं लिहिलेलं हिरवं बटण खालच्या कोपऱ्यातून निघायचं आणि डौलात पडद्याच्या मधोमध येऊन थांबायचं. आज दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई ते बघायला ऑफिसात येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर जावईबापूंची नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा. पण स्वारी निर्धास्त होती. आठ दिवस सासूबाई तेच ॲप वापरत होत्या आणि त्यांची एकही गोळी चुकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. मग साहेबांनीही आपला अंगठा लावून बघितला.

“नेट गेलं असेल,” जावईबापू पुटपुटले.

“याला नेट लागतच नाही, असं आत्ताच म्हणालात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नाइलाजाने जावईबापूंनी सगळ्यांदेखत सासूबाईंना स्पीकरवर फोन लावला.

“आई, तुम्ही ते बटण कसं दाबता?”

“ते पळणारं? त्याच्या मागे कोण लागतंय! ते निघून गेलं की त्याच्या जुन्या जागेवर बोट टेकवते. लगेच होतं.”

“पण तिथे तर काहीच दिसत नाही.”

“दिसत नाही, पण होतं ना? मला वाटलं, तुम्हीच तशी सोय केलीय.”

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी सरकवलं होतं ते बटणाचं नुसतं चित्र. बोट ओळखणारी जागा बिचारी कोपऱ्यातच बसून राहिली होती.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. “उद्यापर्यंत दुरुस्त करा. पण तपासायचं या आजींनीच. त्यांना जमलं तर माझ्या सगळ्या पेशंटना जमेल.”

संध्याकाळी ती जागाही नीट मधोमध आणून जावईबापूंनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी सवयीने कोपऱ्यात बोट टेकवलं. काहीच झालं नाही.

“बिघडवलंत ना शेवटी,” त्या म्हणाल्या.

“अहो, आता मधे दाबायचं.”

“ते मधे येईपर्यंत मी तोंडात गोळी धरून बसू का?”

अर्धा तास समजावून जावईबापूंनी हात टेकले. सरकणं पार काढून टाकलं आणि बटण कोपऱ्यातच गपगुमान बसवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ते एकदाच दाबलं आणि खूश झाल्या. “साधेपणा म्हणतात तो हा,” साहेबांनी पाठ थोपटली. नोकरी कायम झाली.

सासूबाईंना मनापासून आनंद झाला. “पण मला एक सांगा, कायम केलं ते कशाबद्दल? बटण हलवल्याबद्दल?”

“नाही, आई,” जावईबापू म्हणाले, “जागचं न हलवल्याबद्दल.”